‘गाडी हळूच होती हो, डॉक्टर!’

सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात एक वाक्य जवळजवळ रोज ऐकू येते. स्ट्रेचरवर बेशुद्ध माणूस असतो, शर्टाला रक्त लागलेले असते आणि सोबत आलेला भाऊ किंवा शेजारी सांगत असतो, ‘‘डॉक्टर, गाडी वेगात नव्हती हो. हळूच होती.’’

सांगणारा खोटे बोलत नसतो. गिरणीतून दळण आणायला, मुलीला शिकवणीहून घ्यायला किंवा कोपऱ्यावरून दूध आणायला निघालेला माणूस असतो. घर ते चौक हे अंतर जेमतेम अर्धा किलोमीटर. रस्त्यावर सांडलेली खडी किंवा अचानक आडवे आलेले कुत्रे एवढे कारण पुरते. गाडी घसरते, माणूस आडवा होतो. गाडीला किरकोळ ओरखडे, कोपराला आणि गुडघ्याला खरचटलेले. पण डोके रस्त्याच्या कडेला आपटलेले असते आणि सीटी स्कॅनमध्ये मेंदूभोवती रक्त साचलेले दिसते.

‘‘एवढ्याशा पडण्याने एवढे कसे झाले?’’ हा नातेवाइकांचा पुढचा प्रश्न. याचे उत्तर शोधायला वैद्यकशास्त्राचे जाड ग्रंथ उघडावे लागत नाहीत. ते नववीच्या विज्ञानात आहे: गतीचे नियम, कार्य आणि ऊर्जा. मार्कांपुरते पाठ करून आपण जे विसरलो, तेच धडे रस्त्यावर रोज पुन्हा शिकवले जातात. फरक इतकाच, की तिथे फेरपरीक्षा नसते.

उंचीचाही वेग होतो

दुचाकीवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर असते. उंचावरच्या वस्तूत स्थितिज ऊर्जा साठलेली असते आणि वस्तू खाली येऊ लागली की तिचे गतिज ऊर्जेत रूपांतर होते, हे शाळेत शिकवले जाते. आता आकडे घालून पाहू. दीड मीटरवरून मोकळी खाली येणारी कोणतीही वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग सेकंदाला सुमारे ५.४ मीटर असतो. म्हणजे ताशी जवळजवळ २० किलोमीटर.

या हिशेबात गाडीचा वेग कुठेच आलेला नाही. गाडी सिग्नलला उभी असताना तोल गेला आणि पडताना हात किंवा खांदा आधी टेकला नाही, तरी डोके ताशी २० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने रस्त्यावर आदळू शकते. तेवढ्या वेगाने धावत जाऊन कोणी भिंतीवर डोके आपटेल का? हळू चालवणाऱ्याला वाटते, की आपला वेग कमी आहे म्हणून आपण सुरक्षित आहोत. पण डोक्याला खाली खेचणारे गुरुत्वाकर्षण स्पीडोमीटरकडे पाहत नाही.

म्हणून ‘कोपऱ्यावर तर जायचंय’ या सबबीत विज्ञानाच्या दृष्टीने काही अर्थ नाही. कोपऱ्यावर जाताना डोक्याची उंची तेवढीच असते आणि रस्ताही तेवढाच कठीण असतो.

वेग दुप्पट, ऊर्जा चौपट

याचा अर्थ वेगाने काही बिघडत नाही असा मुळीच नाही. उलट वेगाचा हिशेब आपल्या अंदाजापेक्षा फार कडक आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, तिप्पट झाला की नऊपट. गाडीवर बसलेल्याला मात्र ३० आणि ६० यांत फक्त काटा थोडा पुढे सरकलेला दिसतो.

हे मजल्यांच्या भाषेत सांगितले की लगेच कळते. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाऊन एखाद्या न हलणाऱ्या वस्तूवर सरळ आदळणे म्हणजे सुमारे साडेतीन मीटर उंचीवरून, म्हणजे एका मजल्याहून थोडे वरून पडणे. ताशी ६० ने आदळणे म्हणजे सुमारे चौदा मीटरवरून, चार मजल्यांहून अधिक उंचीवरून पडणे. चौथ्या मजल्याच्या कठड्यावर उभे राहायला सांगितले तर पाय लटपटतील. त्याच उंचीएवढी ऊर्जा घेऊन आपण रोज कामावर जातो आणि एका हाताने फोन कानाला लावतो.

आता थांबण्याचा हिशेब. समोर काही दिसले की मेंदूने ते ओळखून हातापायांना हुकूम द्यायला वेळ लागतो. सावध माणसाचा हा वेळ एक सेकंद धरू. त्या एका सेकंदात ताशी ४० ने जाणारी गाडी अकरा मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे साधारण एका एसटी बसच्या लांबीएवढी. ब्रेक तोवर दाबलेलाच नसतो. दाबल्यावर, कोरडा रस्ता आणि चांगले ब्रेक असतील तर आणखी सुमारे दहा मीटरवर ती थांबते. एकूण २१ मीटर.

त्याच जागी, त्याच क्षणी दुसरा एक जण ताशी ६० ने येत आहे असे समजा. दोघांनाही एकाच वेळी रस्त्यावर धावत आलेले मूल दिसते. पहिल्याची गाडी मुलाच्या अगदी अलीकडे थांबते. दुसऱ्याने ब्रेक दाबायच्या आतच जवळजवळ सतरा मीटर संपलेले असतात. उरलेल्या साडेचार मीटरमध्ये त्याचा वेग कितीसा कमी होणार? मुलाजवळ पोहोचतो तेव्हा त्याची गाडी अजून ताशी पन्नासहून अधिक वेगाने धावत असते. ‘वीसच तर जास्त होता’ असे तो नंतर म्हणतो. पहिल्याच्या गाडीने मुलाला स्पर्शही केला नाही आणि दुसऱ्याने त्याला पन्नासच्या वेगाने उडवले, एवढा फरक त्या विसाने पडतो. रस्ता ओला असेल, टायर गुळगुळीत झाले असतील किंवा नजर फोनवर असेल, तर पहिल्याचाही हिशेब चुकतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतले सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. सुमारे ७१ टक्के मृत्यूंच्या नोंदीत अतिवेगाचा उल्लेख आहे.

कवटी थांबते, मेंदू थांबत नाही

उभ्याने एसटीचा प्रवास केलेल्या कोणालाही जडत्व समजावून सांगावे लागत नाही. चालकाने करकचून ब्रेक मारला की बस थांबते आणि उभे असलेले प्रवासी पुढे झेपावतात. पायांना बसने थांबवलेले असते, पण वरच्या शरीराला अजून कोणीच थांबवलेले नसते. मुरलेला कंडक्टर म्हणूनच पाय फाकवून आणि पाठ टेकवून तिकिटे फाडतो.

डोक्यात नेमके हेच घडते. मोठ्या माणसाचा मेंदू सुमारे १.३ ते १.४ किलो वजनाचा असतो आणि घट्ट दह्यासारखा मऊ असतो. तो कवटीला खिळ्यांनी ठोकून बसवलेला नाही, पाण्यासारख्या एका द्रवात तरंगत असतो. निसर्गाने केलेली ही व्यवस्था चालण्या-धावण्याच्या धक्क्यांसाठी उत्तम आहे. पण डोके रस्त्यावर आदळते तेव्हा कवटी जवळजवळ तत्क्षणी थांबते आणि आतला मेंदू त्याच वेगाने पुढे जात राहतो. तो कवटीच्या आतल्या भिंतीवर आपटतो आणि मग उलट बाजूला ओढला जातो. म्हणून कित्येकदा मार कपाळाला लागतो आणि मेंदूची जखम मागच्या बाजूलाही सापडते.

त्याहून वाईट असते ती गिरकी. पडताना डोके क्वचितच सरळ रेषेत आदळते. बहुतेक वेळा ते तिरके आपटते आणि झटक्यात वळते. कवटी वळते, मेंदू मागे राहतो. जेलीचे भांडे झटकन फिरवले की आतली जेली पिळवटते, तसा मेंदू पिळवटतो आणि त्यातले सूक्ष्म तंतू ताणले जातात, तुटतात. ऑक्सफर्डमधले भौतिकशास्त्रज्ञ ए. एच. एस. होलबोर्न यांनी १९४३ मध्ये कवटीच्या आकारात भरलेल्या जिलेटिनवर प्रयोग करून ही गोष्ट दाखवून दिली होती. अशा इजेत कधी कधी सुरुवातीच्या सीटी स्कॅनमध्ये फारसे काही दिसत नाही आणि रुग्ण मात्र दिवसेंदिवस शुद्धीवर येत नाही. ‘‘रिपोर्ट तर चांगला आहे, मग उठत का नाही?’’ असे नातेवाईक विचारतात. रक्ताची गाठ शस्त्रक्रिया करून काढता येते. तुटलेले तंतू शिवता येत नाहीत.

झेल घेताना हात मागे का घेतात?

क्रिकेट खेळणारे लहान पोरही उंच आलेला चेंडू झेलताना हात मागे घेते. भिंतीवरून उडी मारताना गुडघे वाकवते. हे कोणी शिकवलेले नसते. एकदा हाताला चटका बसला की शरीर आपोआप शिकते.

यामागचा नियम सोपा आहे. चालत्या वस्तूला थांबवायचे तर तिच्यातली ऊर्जा कुठेतरी खर्च व्हावी लागते. थोड्या अंतरात थांबवले तर फार मोठे बल लागते. तेच अंतर दहापट केले तर बल दहावा हिस्सा होते. हात मागे घेणारा चेंडूला थांबायला जागा देतो. आणि हेल्मेट डोक्याला थांबायला जागा देते. त्याचे मुख्य काम हेच आहे.

पुन्हा आकडे घेऊ. डोक्याचे वजन पाच किलो धरू आणि वेग तोच, नुसत्या पडण्याचा, ताशी २० किलोमीटरच्या आसपासचा. उघडे डोके काँक्रीटवर आदळले तर थांबायला जागा किती? डोक्याची कातडी आणि हाड मिळून समजा तीन मिलीमीटर दबले. तेवढ्यात थांबायचे तर डोक्यावर त्याच्या वजनाच्या पाचशेपट बल येते. पाच किलोचे पाचशेपट म्हणजे अडीच हजार किलो, अडीच टन. आता डोके आणि रस्ता यांच्यामध्ये तीन सेंटीमीटर दबणारा थर आला असे समजा. बल पन्नासपटीवर येते, म्हणजे अडीच टनांचे अडीच क्विंटल होतात. हा कागदावरचा सोपा हिशेब आहे. प्रत्यक्षात थर पूर्ण दबत नाही आणि डोके सरळ आदळत नाही, त्यामुळे आकडे मागेपुढे होतात. पण तीन मिलीमीटर आणि तीन सेंटीमीटर यांतला फरक हाच जगणे आणि मरणे यांतला फरक ठरू शकतो.

बरेच जण समजतात, की हेल्मेटचे काम त्याचे बाहेरचे कडक कवच करते. कवचाची कामे वेगळी आहेत. अणकुचीदार खडीचा मार ते एका बिंदूवर न ठेवता मोठ्या भागावर पसरवते आणि डोके रस्त्यात अडकू न देता घसरू देते. ऊर्जा मात्र आतला थर्माकोलच्या जातीचा दाट थर खातो. तो चिरडतो, त्यातले बारीक बुडबुडे फुटतात आणि डोक्याकडे जाणारी ऊर्जा त्या फुटण्यात खर्च होते. म्हणूनच हा थर एकदाच कामी येतो. एकदा जोराचा आघात झालेले हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसले तरी त्याच्या आतली जागा संपलेली असते. ते बदलावेच लागते.

इथे एक रास्त शंका येते. साठच्या वेगाने जाताना चार मजल्यांची ऊर्जा असते, मग दीड इंचाचा थर तिथे काय करणार? उत्तर असे, की बहुतेक अपघातांत दुचाकीस्वार रस्त्यावर पडतो आणि घसरत जातो. त्याचा पुढे जाण्याचा वेग घसरण्यात, लोळण्यात, कपडे फाटण्यात आणि कातडी सोलण्यात हळूहळू संपतो. डोके रस्त्यावर आदळते ते मुख्यतः खाली पडण्याच्या वेगाने, आणि तो हेल्मेटच्या आवाक्यातला असतो. मात्र त्याच वेगाने डोके सरळ दुभाजकाच्या कठड्यावर, खांबावर किंवा उभ्या ट्रकच्या मागच्या बाजूला आदळले, तर कोणतेही हेल्मेट पुरे पडत नाही. हेल्मेट घातले म्हणून वेग वाढवायची सवलत मिळत नाही. ऊर्जा कमी ठेवणे हे हाताचे काम आणि उरलेली ऊर्जा पचवणे हे हेल्मेटचे.

जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ मध्ये कॉक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केला. हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असे त्यात आढळले. शंभर टक्के नाही. पण इतका मोठा फरक पाडणारी औषधे वैद्यकात मोजकीच आहेत, आणि त्यांतली कित्येक यापेक्षा महाग आहेत.

घराजवळचा एक अपघात

हेल्मेटचा हा विचार एका मृत्यूतून पुढे आला. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून जगाला माहीत असलेले टी. ई. लॉरेन्स १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यात मोटारसायकलवरून घरी परतत होते. जवळच्या लष्करी छावणीत जाऊन ते तार करून आले होते. घर अगदी जवळ आले होते. वाटेत सायकलवरची दोन मुले अचानक दिसली. त्यांना चुकवताना लॉरेन्स फेकले गेले. पहिल्या महायुद्धात वाळवंटात लढून परतलेला हा माणूस सहा दिवस बेशुद्ध राहून १९ मे रोजी वयाच्या ४६ व्या वर्षी गेला. डोक्यावर हेल्मेट नव्हते. त्या काळी ते कोणी घालत नसे.

त्यांच्यासाठी बोलावलेल्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. केर्न्स त्यांना वाचवू शकले नाहीत, पण विषय त्यांच्या मनातून गेला नाही. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर लष्कराचे निरोप नेणारे मोटारसायकलस्वार मोठ्या संख्येने मरू लागले. केर्न्स यांनी नोंदी गोळा केल्या. ऑक्टोबर १९४१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांचा लेख आला. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटारसायकलस्वार आणि त्यांच्या मागे बसलेले लोक मेले होते. हेल्मेट घालून अपघात झालेले अवघे सात रुग्ण केर्न्स यांच्या पाहण्यात आले होते आणि ते सातही जगले होते.

सातवरून काहीच सिद्ध होत नाही, हे त्यांनाही कळत होते. पण नोव्हेंबर १९४१ मध्ये ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले आणि पुढच्या वर्षांत मृत्यू घटत गेले. सामान्य नागरिकांसाठी ब्रिटनमध्ये कायदा व्हायला मात्र १९७३ साल उजाडले. तेव्हा केर्न्स जाऊन एकवीस वर्षे झाली होती. हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघतात ते फक्त पुण्यातच, असे कोणी समजू नये. तिथेही ‘आमचे डोके, आमचा प्रश्न’ म्हणणारे होतेच.

सबबी आणि त्यांची उत्तरे

भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट बंधनकारक आहे, चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्यालाही. तरी २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण मेले आणि त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. आपल्याकडे पुढे हेल्मेट घातलेला नवरा आणि मागे एका बाजूला पाय सोडून, मांडीवर बाळ घेऊन बसलेली बायको हे रोजचे दृश्य आहे. एका बाजूला बसलेल्याचा तोल लवकर जातो, दोन्ही हात बाळाला धरण्यात गुंतलेले असतात. म्हणजे त्या गाडीवर हेल्मेटची गरज सर्वांत जास्त जिला, तिच्याच डोक्यावर पदर. पदर किंवा ओढणी चाकात अडकण्याचा धोका वेगळाच.

बाळाला छातीशी घट्ट धरले म्हणजे झाले, हाही भ्रमच. गाडी जोरात आदळते तेव्हा दहा किलोचे बाळ क्षणभर कित्येक क्विंटलांच्या जोराने पुढे ओढले जाते. आईची माया कितीही असली तरी मनगटात तेवढे बल नसते. चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा, नऊ महिन्यांपुढील बाळाला त्याच्या मापाचे हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरपेक्षा कमी वेग हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. गाडीच्या पुढे पायाशी उभे केलेले मूल तर सर्वांत आधी फेकले जाते.

हेल्मेटने केस गळतात ही तक्रार नेहमीची. केसांची मुळे त्वचेच्या आत असतात आणि हेल्मेट तिथवर पोहोचत नाही. घाम साचून खाज सुटते, कोंडा वाढतो हे खरे. त्यावर आत सुती पातळ रुमाल आणि आतले अस्तर वेळोवेळी धुणे एवढा उपाय पुरतो. मात्र जाड स्कार्फचे चार वेढे देऊन वर हेल्मेट चढवले तर ते सैल बसते आणि पडताना सरकते. मानेवर ताण येऊन मणका दुखावतो, हीही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे हनुवटीखालचा पट्टा. तो न लावलेले हेल्मेट पहिल्याच हिसक्याला उडून जाते. जडत्वाचा नियम हेल्मेटलाही लागू असतो. अपघाताच्या जागी हेल्मेट एकीकडे आणि माणूस दुसरीकडे सापडतो तेव्हा लोक म्हणतात, ‘‘घातलं होतं की, तरी काही उपयोग नाही झाला.’’ घातले होते, बांधले नव्हते. तसेच, रस्त्याकडेला स्वस्तात मिळणाऱ्या टोपीवजा हेल्मेटमध्ये दबणारा थर नसतोच. ते पोलिसांना दाखवायला उपयोगी पडते, डोक्याला नाही. आयएसआय खूण पाहूनच हेल्मेट घ्यावे. डोक्यावर घट्ट बसणारे, पट्टा लावून मान हलवली तर न सरकणारे.

पडल्यानंतर

इतके करूनही माणूस पडतो. त्या वेळी एक गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. कानाच्या वर, कानशिलाजवळ कवटीचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतून एक रक्तवाहिनी जाते. तिथे मार लागून ती फाटली तर हाड आणि मेंदूचे आवरण यांच्यात रक्त साचू लागते. माणूस क्षणभर भोवंडतो, मग उठतो, कपडे झटकतो, चहा पितो, घरी जातो. ‘‘काही नाही, जरा लागलंय’’ म्हणून झोपतो. आत रक्त साचतच असते. काही तासांत मेंदूवर दाब वाढतो आणि सकाळी तो उठत नाही. वेळेत शस्त्रक्रिया झाली तर यातले बरेच जण पूर्ण बरे होतात, आणि म्हणूनच ते गमावले की डॉक्टरांनाही सर्वांत जास्त लागते.

त्यामुळे डोक्याला मार लागल्यावर पुढील काही दिसले तर थांबू नये. क्षणभर का होईना शुद्ध हरपणे किंवा अपघात आठवत नसणे, वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, सुस्ती, गोंधळलेले बोलणे, आकडी, हातापायात कमजोरी, दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, नाकाकानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव येणे. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी आणि वयस्करांनी लक्षणे नसली तरी लगेच दाखवावे. दारूचा वास येतो म्हणून ‘पिऊन झोपलाय’ असे समजून कोणाला सोडून देऊ नये. दारूच्या गुंगीआड रक्ताची गाठ लपते.

अपघाताच्या जागी बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नये, उठवून बसवू नये, मान वाकवून रिक्षात कोंबू नये. १०८ ला फोन करावा. तो श्वास घेतोय ना ते पाहावे, वाहत्या रक्तावर स्वच्छ कापडाने दाब धरावा. हेल्मेटची काच वर करावी. श्वास अडत असेल किंवा उलटी होत असेल तरच, एकाने मान सरळ धरून आणि दुसऱ्याने सावकाश, हेल्मेट काढावे. मदत करणाऱ्याला कायद्याने संरक्षण आहे. त्याच्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेत अपघातग्रस्ताला नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळू शकतात. पैशाच्या विचाराने पहिला तास वाया जाऊ देऊ नये.

घरात शाळकरी मुले असतील तर या रविवारी एक प्रयोग करून पाहावा. दोन अंडी घ्यावीत. एक हातभर उंचीवरून फरशीवर सोडावे, दुसरे तेवढ्याच उंचीवरून जाड मऊ उशीवर. उंची तीच, वेग तोच, अंडेही तसेच. उशीने त्याला थांबायला थोडी जागा दिली, एवढाच फरक. फरशी पुसून झाली की मुलांनाच विचारावे, उद्या शाळेत सोडायला जाताना बाबांच्या, आईच्या आणि त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर काय असायला हवे. पुस्तक न उघडता ती बरोबर उत्तर देतील. शाळा कोपऱ्यावरच असली तरी.